जोडीचे हेडफोन: एका निवडीचा इतिहास

दोन हेडफोन एकमेकांना पूरक आहेत असे म्हणतात, तेव्हा पहिल्याला जे साधत नाही ते दुसरा साधतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, पण त्याच्या वाटीत आवाज कोंडतो. उघड्या पाठीचा हेडफोन आवाजाला मोकळी हवा देतो, पण शेजारी बसलेल्यालाही गाणे ऐकवतो आणि रस्त्यावरचा हॉर्न आत घेतो. एखादा गायकाचा गळा जवळ आणतो, एखादा साथीची वाद्ये सुटी करून दाखवतो. हे सगळे गुण एकाच वस्तूत भरण्याची खटपट अनेक दशके चालू आहे आणि ती अजून पुरती साधलेली नाही. याचे कारण हेडफोनच्या इतिहासात आहे. त्याचा प्रत्येक प्रकार वेगळ्या कामासाठी घडला: आधी टेलिफोन आणि बिनतारी संदेश, मग ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, मग घरची बैठक आणि शेवटी प्रवास. संग्रह जुळवणारा आज जी निवड करतो, ती या चार कामांमधलीच असते.

तारेच्या टोकाला कान

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाले. एक्स्चेंजवर काम करणाऱ्याला तारा जोडण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ऐकण्याचे साधन डोक्याला किंवा खांद्याला अडकवण्याची गरज सर्वत्र निर्माण झाली. अमेरिकेत त्याच दशकात एझ्रा गिलीलँड याने खांद्यावर टेकवायचे जड साधन बनवले. त्यातून संगीत ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. समोरच्याने सांगितलेला क्रमांक स्पष्ट कळला की काम झाले.

संगीतासाठी कानाला यंत्र लावण्याचा पहिला मोठा प्रयोग पॅरिसमध्ये १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात झाला. क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर जागोजागी टेलिफोनचे प्रेषक, म्हणजे आवाज टिपणारे मायक्रोफोन, बसवले आणि श्रोत्याच्या दोन कानांना दोन वेगळ्या तारा दिल्या. गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला सरकला हे दूर बसलेल्याला कळू लागले. पुढे १८९० मध्ये 'तेआत्रोफोन' या नावाने ही सेवा वर्गणीवर मिळू लागली. दोन कानांना दोन वेगळे आवाज देऊन जागेचा भास घडवण्याची कल्पना तेव्हापासूनची आहे.

आजच्या हेडफोनच्या जवळ जाणारी वस्तू १९१० च्या सुमारास नॅथॅनिएल बाल्डविन याने अमेरिकेतल्या युटा प्रांतात, घरच्या स्वयंपाकघरात तयार केली. तिचा पहिला मोठा गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकी नौदल. बिनतारी संदेशातले क्षीण टिंब-रेघ ओळखण्यासाठी ती हवी होती, म्हणून तिच्यात नादाच्या गोडीपेक्षा संवेदनक्षमतेला महत्त्व होते.

महाराष्ट्रात हेडफोन घरी आला तो रेडिओबरोबर. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये प्रक्षेपण सुरू केले आणि इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळातला स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला बॅटरी लागत नसे. एरियलवर येणारी शक्ती तेवढीच त्याच्या वाट्याला, आणि तेवढ्यावर हेडफोनच वाजे. घरातल्या दोघा-चौघांना एकदम ऐकायचे असले तर हेडफोन चिनी मातीच्या भांड्यात ठेवण्याची युक्ती जगभर चालत असे. भांड्याच्या पोकळीत आवाज घुमून थोडा वाढे. व्हॉल्व्हचे, लाउडस्पीकरवाले रेडिओ आले तशी ही युक्ती संपली, आणि बहुतेक घरांतून हेडफोनही पुढची तीसेक वर्षे हद्दपार झाला.

चुका पकडणारा कान

१९३७ मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीने 'डीटी ४८' हा हेडफोन काढला. जुन्या हेडफोनमध्ये लोखंडाची चकती चुंबकाकडे खेचली जाऊन थरथरे. 'डीटी ४८' मध्ये चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे ठेवून ते पातळ पडद्याला चिकटवले होते. वेटोळ्यातून वीज वाहिली की पडदा मागेपुढे हलतो. लाउडस्पीकर याच तत्त्वावर चालतो; बायरने तो कानाच्या मापाचा केला. या रचनेला डायनॅमिक म्हणतात आणि आजही बहुसंख्य हेडफोन याच रचनेचे आहेत. 'डीटी ४८' इतका भरवशाचा ठरला, की ध्वनिमुद्रणाबरोबर श्रवणशक्तीच्या तपासणीतही तो वापरला गेला.

याच दशकात मराठी माणसाचा ध्वनिमुद्रणाशी जवळून संबंध आला. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये कोल्हापुरात तयार झाला. विष्णुपंत दामले यांनी त्याचे ध्वनिमुद्रण सांभाळले. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. एरंडवण्यातल्या तिच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि ध्वनिमुद्रण हा तिथल्या शिक्षणाचा स्वतंत्र विषय झाला. आकाशवाणीचे पुणे केंद्र त्याआधी, १९५३ मध्ये, सुरू झाले होते. म्हणजे पुण्यात हेडफोन ही चैनीची वस्तू होण्याच्या कितीतरी आधी कामाची वस्तू होती.

ध्वनिमुद्रकाची गरज श्रोत्याहून वेगळी असते. मायक्रोफोनवर आलेली वाऱ्याची फुंकर, कपड्याची सळसळ, दूरच्या पंख्याची घरघर त्याला तिथल्या तिथे पकडायची असते. तो मायक्रोफोनजवळच उभा असतो, म्हणून हेडफोनमधला आवाज बाहेर फुटून चालत नाही आणि बाहेरचा आत आलेला चालत नाही. स्टुडिओचा हेडफोन बहुधा बंद पाठीचा राहिला तो यामुळे. सोनीचा 'एमडीआर-व्ही ६' (१९८५) आणि 'एमडीआर-७५०६' (१९९१), बायरडायनॅमिकचा 'डीटी ७७०' ही त्याची गाजलेली उदाहरणे. यांत वरच्या पट्टीचे आवाज थोडे टोकदार असतात. दोष शोधायला ते बरे, पण रात्रभराची मैफल ऐकायला कान थकवणारे. उत्तम स्टुडिओ हेडफोन विकत घेऊनही पुष्कळांचे समाधान होत नाही आणि दुसऱ्याची गरज भासते, त्याचे मूळ इथे आहे.

घरची बैठक

हेडफोन घरी परत आला तो स्टिरिओ तबकड्यांबरोबर. मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये एका लहान ग्रामोफोनच्या जोडीला 'एसपी/३' हा स्टिरिओ हेडफोन मांडला. लोकांनी ग्रामोफोनपेक्षा हेडफोनच उचलून धरला. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये 'एसआर-१' विकायला आणला. त्यात वेटोळे नव्हते. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला अतिशय पातळ पडदा विद्युतदाबाने हलवला जाई. याला इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात. पडदा हलका असल्याने आघाताचा पहिला क्षण स्वच्छ उमटतो. मात्र या प्रकाराला स्वतःचा वेगळा अँप्लिफायर लागतो, त्यामुळे तो खुर्चीपाशीच बांधलेला राहतो.

जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ मध्ये 'एचडी ४१४' काढला आणि घरच्या श्रवणाची दिशा बदलली. हा पहिला उघड्या पाठीचा हेडफोन. पिवळ्या स्पंजच्या गाद्या, हलकी चौकट, आणि मागे आवाज कोंडणारी वाटी नाही. त्याचे एक कोटीच्या वर नग खपले. वाटीच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाज नाहीसा झाला, की नाद डोक्याच्या आत न राहता थोडा बाहेर सरकल्यासारखा वाटतो. त्याची किंमत खर्जात मोजावी लागते. मागची हवा मोकळी सुटते, म्हणून ढोलाचा अगदी खालचा दणका पातळ होतो.

१९७० च्या दशकात तिसरी रचना आली. ब्रिटनच्या व्हार्फडेलने १९७२ मध्ये आणि जपानच्या यामाहाने १९७६ मध्ये 'एचपी-१' या नावाने असे हेडफोन काढले, ज्यांच्या सपाट पडद्यावरच वाहक रेषा पसरलेल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना चुंबक होते. पडदा सगळीकडे सारखा ढकलला जातो, त्यामुळे खर्ज खालपर्यंत सलग उतरतो. ही प्लेनर रचना पुढे जवळजवळ विस्मरणात गेली.

पूरक जोडीची कल्पना एकाच कंपनीच्या यादीत स्पष्ट दिसते ती बायरडायनॅमिकच्या १९८० च्या दशकातल्या तीन हेडफोनमध्ये. 'डीटी ७७०' बंद पाठीचा, 'डीटी ८८०' अर्धवट उघडा, 'डीटी ९९०' पूर्ण उघडा. चौकट, गाद्या, पट्टा यांचे घराणे एक. फरक मुख्यतः पाठीचा. तिन्ही शेजारी ठेवून ऐकले की पाठ उघडल्याने काय मिळते आणि काय हातचे जाते हे कुठल्याही वर्णनावाचून कळते.

हिंगणे ते कर्वेनगर

उघडा हेडफोन ऐकायला शांत जागा लागते, आणि पुण्याच्या पश्चिम भागात ती जागा कशी आक्रसली याचे कर्वेनगर हे चांगले उदाहरण आहे. हे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये इथल्या झोपडीत आला, तेव्हा हे गाव शहराबाहेर होते. फर्ग्युसन कॉलेजातले तास संपवून कर्वे रोज पायी हिंगण्याला जात. पुढे त्यांच्याच नावाने वस्ती ओळखली जाऊ लागली. त्यांच्या संस्थेने १९९१ मध्ये इथे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार हा तिथला एक विषय. मुठेकाठच्या शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि चौकावर उड्डाणपूल आला.

अशा सोसायटीतल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात लाउडस्पीकरवर मोठ्याने गाणे लावणे शेजाऱ्यांना त्रासाचे होते, म्हणून हेडफोन सोयीचा. पण सकाळी आठ ते रात्री दहा खिडकीतून येणारा रिक्षांचा, दुचाकींचा आणि कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज उघड्या हेडफोनमधून थेट कानात उतरतो. पंख्याची घरघर तानपुऱ्याच्या आसेवर बसते. त्यामुळे इथल्या श्रोत्याला जोडीचा विचार चैन म्हणून नव्हे तर वेळेच्या हिशोबाने करावा लागतो: दिवसा बंद पाठीचा, रात्री सामसूम झाल्यावर उघड्या पाठीचा.

वॉकमन, आयात आणि बाजार

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये वॉकमन बाजारात आणला. त्याच्याबरोबरचा स्पंजच्या गोल गाद्यांचा हेडफोन पन्नास ग्रॅमच्या आसपास होता. त्याने हेडफोन रस्त्यावर आणला. भारतात तेव्हा परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर कडक निर्बंध आणि जबर जकात होती. वॉकमन यायचा तो आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, किंवा मुंबईतल्या मनीष मार्केटसारख्या बाजारातून. पुण्यात सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात जावे लागे. हाताला येईल तो हेडफोन घ्यायचा, अशा काळात पूरक जोडीचा विचार संभवत नव्हता. १९९१ नंतर आयात हळूहळू खुली झाली आणि परदेशी कंपन्यांची पूर्ण यादी ग्राहकापुढे आली.

नेमक्या याच सुमारास हेडफोन स्वतःच उच्च दर्जाची श्रवणवस्तू म्हणून घडू लागला होता. सोनीने १९८९ मध्ये 'एमडीआर-आर १०' काढला. त्याच्या वाट्या जुन्या केयाकी वृक्षाच्या लाकडातून कोरलेल्या होत्या, आणि बंद पाठीच्या हेडफोनमध्येही मोकळा नाद आणता येतो हे त्याने दाखवले. सेनहायझरने १९९१ मध्ये 'ऑर्फियस' हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन व्हॉल्व्ह अँप्लिफायरसह काढला. त्याचे सुमारे ३०० संचच बनले. १९९७ चा 'एचडी ६००' आणि २००३ चा 'एचडी ६५०' हे त्या मानाने आवाक्यातले, आणि घरच्या श्रवणाची मोजपट्टी म्हणून ते आजही वापरले जातात.

२००९ मध्ये सेनहायझरच्या 'एचडी ८००' ने ५६ मिलिमीटरचा वलयाकार ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, कानापासून दूर, तिरपा बसवला आणि जागेचा भास आणखी रुंद केला. त्याच सुमारास हायफायमॅन आणि ऑडेझी या नव्या कंपन्यांनी विस्मरणात गेलेली प्लेनर रचना पुन्हा वर काढली. प्रवासासाठी बोस कंपनीने २००० मध्ये 'क्वाएट कम्फर्ट' आणला. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडायची, ही त्याची युक्ती. विमानाची, बसच्या इंजिनाची एकसुरी घरघर तिने विरते. अचानक वाजलेला हॉर्न मात्र बराचसा ऐकू येतोच. चारही कामांसाठी उत्तम वस्तू मिळू लागल्या, आणि त्यांतल्या कोणत्या दोन घ्याव्यात हा प्रश्न तेव्हा खरा उभा राहिला.

जोडी कशी जुळते

या प्रश्नाला महाराष्ट्रात एक जुने उत्तर आहे, आणि ते मिरजेच्या तानपुऱ्यांत सापडते. शिकलगारी, म्हणजे शस्त्रांना धार लावण्याचे काम, करणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्ये घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मैफलीत गायकाच्या मागे तानपुऱ्यांची जोडी असते. अनेकदा एकाची पहिली तार पंचमात आणि दुसऱ्याची निषादात लावतात. दोन्हींच्या जोडाच्या तारा आणि खर्ज मात्र एकाच षड्जाला मिळवलेले असतात. मधला षड्ज पक्का, म्हणून कडेचा फरक खुलतो. षड्जच हलला तर तो फरक बेसूर वाटतो.

हेडफोनच्या जोडीतही हेच घडते. मध्य पट्टी, म्हणजे माणसाचा गळा जिथे असतो तो भाग, दोन्हींत सारखा हवा. फरक असावा तो पाठीत, खर्जात, टिपेत आणि जागेच्या भासात. दोन्हींत गायकाचा आवाज वेगळाच वाटू लागला तर कान दर वेळी नव्याने सरावावा लागतो आणि दोहोंतला एक पडून राहतो. म्हणून संग्रहातला पहिला हेडफोन शक्य तितका तटस्थ घेतात. तटस्थ म्हणजे काय याला २०१३ च्या आसपास मोजमापाचा आधारही मिळाला. हरमन कंपनीचे शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन बहुतेकांना कोणता समतोल भावतो याचा आलेख मांडला. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात त्याच्या जवळ तो जातो.

फरक कुठे असावा हे काय ऐकायचे यावर ठरते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर. पण घोडीवर तार घासून उमटणाऱ्या जवारीमुळे त्याच तारेतून कितीतरी वरचे स्वर झिरपत असतात. खालची तार भरीव आणि वरची झिरप सुटी, अशा दोन्ही गोष्टी एकदम दाखवणे ही हेडफोनची कठीण परीक्षा आहे. बंद वाटीत खालची तार भरते, पण घुमली तर झिरप झाकली जाते. उघड्या पाठीत झिरप पसरते, पण डग्ग्यावरची घिस्स्याची मींड हलकी पडते. तटस्थ उघड्या हेडफोनला प्लेनर रचनेची जोड दिली तर डग्गा भरतो. बंद पाठीची दिली तर रस्ता दूर होतो. दोन्ही पूरकच, पण उणिवा वेगळ्या भरून काढणारे.

जुन्या मुद्रणांचे गणित निराळे. १९२५ पूर्वी कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणात साधारण काहीशे ते अडीच-तीन हजार हर्ट्झ एवढाच पट्टा उमटे. त्या पट्ट्याच्या वर जे ऐकू येते ती बहुतेक तबकडीची खरखर. त्यांना टिपेत तेज असलेला हेडफोन लावला तर गाण्याआधी खरखर समोर येते, टिपेत मऊ असलेला लावला तर गळा पुढे येतो. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने जपलेल्या तबकड्यांसारखा ठेवा ऐकणाऱ्याला 'एचडी ६५०' सारखा मवाळ टिपेचा हेडफोन 'एचडी ८००' पेक्षा सोयीचा पडतो. नव्या मुद्रणातल्या वाद्यवृंदाला याच्या उलट.

निवडीत अँप्लिफायरही मोजावा लागतो. ३०० ओहमचा 'एचडी ६००' आणि कमी संवेदनेचा प्लेनर यांच्या मागण्या वेगळ्या. पहिल्याला विद्युतदाब हवा, दुसऱ्याला प्रवाह. दोघांनाही एकच अँप्लिफायर पुरेल अशी जोडी निवडली तर खर्च अर्ध्यावर येतो. इलेक्ट्रोस्टॅटिक घेतला तर त्याचे बिऱ्हाड वेगळेच मांडावे लागते. दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणे हे पहिले पथ्य. एका डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन कानाला सरस वाटतो आणि खरेदी चुकते.

शेवटचा भाग गाद्यांचा. कृत्रिम चामडे दमट हवेत झिजून सोलते, आणि पुण्याचे पावसाळी महिने त्याला मानवत नाहीत. गादी दबली की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, कडेने फट पडते आणि खर्ज गळतो. चार वर्षांपूर्वी जुळलेली जोडी आज जुळत नसेल तर बहुधा कान बदललेले नसतात, गाद्या बदललेल्या असतात. नव्या बसवल्या की जुना मेळ परत येतो. म्हणूनच तिसरा हेडफोन घेण्याआधी पहिल्या दोघांच्या गाद्या तपासतात. त्यानंतरही एखादे काम दोघांकडूनही होत नसेल, तरच तिसऱ्याला जागा असते.